मोजणी, कादवेचा डावा काठ

निफाडच्या वरच्या अंगाला, फरशीपुलापासून
मी झाडं मोजायला लागते.
गळ्यात टेप, पाटीला चिमटलेला तक्ता:
जात, घेर, उंची, शेंड्याची वाळ, शेरा.
शेऱ्याला बोटभर जागा ठेवलीय.

पहिलं करंज. दुसरं करंज. तिसरा उंबर,
अर्धा पाण्यावर झुकलेला.
मग दोनशे पावलं काहीच नाही.
नुसत्या पाणवेली, इतक्या हिरव्या
की पुलावरून जाणाऱ्याला वाटावं
नदीचं बरं चाललंय.

पट्टी बुडवते. साठ आकडे मोजते.
उंबराखाली रंग फिका, लहान मुलाच्या नखासारखा.
मोकळ्या काठाला गडद, जास्वंदी.
वरच्या बागेतला युरिया
कुणी वाटेत अडवलाच नाही.

ठकूबाई पिंपळे कमरेएवढ्या पाण्यातून
जाळं ओढत येते, त्यात तीन चिलापी नि एक चप्पल.
"पानी जड झालं गं. हात घातला का
हाताला धरून ठेवतं."
मी वाळुंजाचं विचारते.
"व्हता ना! लाल लाल मुळ्या पान्यात,
तान्ह्या पोराच्या जावळावानी.
त्यात झिंगे. वंजळीनं काढायचो."
ओंजळ करून दाखवते. ओंजळीत ऊन.

बांधापलीकडे ब्लोअर सुरू होतो.
आधी आवाज, मग वास,
मग करंजाच्या पानांवर निळसर साय,
मोरचुदाची नि चुन्याची.
तोंडाला फडकं बांधलेला चालक हात करतो.
मीही करते. तो आमचा गोरख, चुलतभाऊ.
इथून पुढं आमचंच शिवार.

आमच्या द्राक्षांचा रिपोर्ट येतो, बारा पानांचा.
एकेका औषधाचं नाव, समोर छापलेलं:
आढळले नाही. आढळले नाही.
मग पेट्या समुद्र ओलांडतात.
घडात आढळलं नाही ते गेलं कुठं,
बारा पानांत एवढंच नव्हतं.

झाड क्रमांक एक्केचाळीस.
टेप गुंडाळायला खोडच नाही.
गुडघ्याएवढं खुंट, कडेला करवतीचा भुसा अजून ओला.
गोरख मशीन थांबवून खाली येतो.
"सावली पडत होती गं घडांवर. चार ओळी आंबट राहायच्या."
त्याचं खोटं नाही. गेल्या साली मीच चाखून सांगितलं होतं,
या ओळीची साखर कमी आहे म्हणून.

तो पाण्याची बाटली पुढं करतो. विकतची.
मी पिते.

खुंटाच्या सालीतून दोन लालसर डिऱ्या फुटल्यात,
पानं अजून दुमडलेली.
जात: वाळुंज.
घेर, उंची: रेघ.
शेंड्याची वाळ: शेंडा नाही.
शेऱ्यात पेन टेकवून उभी राहते.
मागून ब्लोअर पुन्हा सुरू होतो, नि त्याची वाफ
तक्त्यावर येऊन बसते,
शाई पसरायच्या आत काय ते
लिहायला हवं.