चौथी पायरी

सायकल स्टँडच्या वरच्या मजल्यावर समुद्र आहे
हे कोल्हापुरात फार थोड्यांना ठाऊक.
साडेदहाला आकाराममामा कुलूप काढतात,
आधी फॉर्मॅलिनचा वास बाहेर येतो,
मागून मामा : या. चपला हितं.

सातवी ब. एकेचाळीस पोरं, तेवढेच डबे, आणि मी.
सुट्टीच्या आधी दर्या बघायचा,
सुट्टीनंतर रंकाळा.

पहिल्या कपाटात मोरी,
पोटाशी दोऱ्यानं बांधलेलं पिल्लू.
चिठ्ठीवर टंकलेलं : मालवण, १९६८.
धैर्यशील चौगले काचेला नाक लावून म्हणतो,
बाई, माझी आत्या असल्याचंच कालवण करते.
वर्ग फिदीफिदी हसतो.
मोरी नाही हसत. इतक्या वर्षांत
तिनं हे बऱ्याच आत्यांबद्दल ऐकलं असणार.

हे सगळं एस.टी.नं आलं, मामा सांगतात.
टपावर पिंपं, पिंपांत मासे,
गगनबावड्याच्या घाटात दर वळणाला हिंदकळून
निम्मा समुद्र रस्त्यावर सांडला.
"निम्मा हितं हाय."

दाराशी देवमाशाचा एक मणका,
त्यावर मामांचा डबा, पेपर, चष्म्याचं घर.
सव्वीस वर्षं ते बरण्यांची पातळी बघतात,
बोटभर खाली गेली की वरून भर घालतात.
"उडून जातंय ओ बाई.
कितीबी घट्ट बूच लावा, समुद्र उडून जातोय."

खरा बघितलात का, मामा?
"एकदाच. पोरगी दिली देवगडाला तवा.
लई मोठा. पण कशालाच चिठ्ठी न्हवती.
कुठनं वाचायला सुरुवात करायची,
कळंना."

*

दुपारी रंकाळ्याच्या काठाला
चहाच्या गाळण्या, श्रीखंडाचे रिकामे डबे,
एकाकडे वडिलांचा हेल्मेट. (कशाला? असू दे म्हणाला.)
पाण्यात हात घालू नका, असं मी सातव्यांदा सांगते
तोवर दंडापर्यंत भिजलेत सगळे.

मामाही आलेत, उगीच, अर्धी रजा टाकून.
बगलेत धुतलेली बरणी.

चौथ्या पायरीच्या सांदीत, शेवाळाखाली,
अल्फिया मुजावरला सापडते
हरभऱ्याएवढी गोगलगाय.
तळहातावर येताच ती दार लावून घेते,
खरंच दार, नखाच्या कपच्यासारखं,
आतून कडी घातल्यागत.

टाक हिच्यात, मामा बरणी पुढं करतात.
अल्फिया बरणीकडे बघते, मग मामांकडे.
"आत घातल्यावर दार उघडंल का?"

मामा बूच फिरवत राहतात.
एक भेळवाला घंटी वाजवत जातो.
त्यांच्या हाताखालून किती बंद दारं गेली
हे मी त्यांना विचारत नाही.

ती खाली वाकून
त्याच सांदीत, त्याच तोंडानं, गोगलगाय ठेवते.
मग हात फ्रॉकला पुसून म्हणते,
"पण चिठ्ठी तर लिहायची ना, बाई?"

वहीचं पान, तिरकं फाटलेलं :
नाव – माहीत नाही.
सापडली – रंकाळा, चौथी पायरी.
सापडवणार – अ. र. मुजावर, सातवी ब.
शेरा – घरी आहे.

*

सोमवारी पावती घ्यायला गेले.
मोरीच्या शेजारी, तारामाशाला थोडं सरकवून,
ती बरणी.
आत रंकाळ्याचं नुसतं पाणी,
बाहेर चिकटवलेलं ते तिरकं पान,
"सापडवणार" तसंच ठेवलेलं.

पाणी कडेनं हिरवं धरू लागलं होतं.
मामा म्हणाले, उद्या धुऊन टाकतो.
पावतीवर शिक्का मारला, फुंकर घातली,
पुन्हा एकदा तिकडं बघितलं.
बघू, म्हणाले.