झाडाचा पाक

बाटलीवर लाल पान, खाली बारीक अक्षरं.
वरच्या मजल्यावरचा निकुंभांचा ओजस
दोन वर्षं कॅनडात राहून परत आला
तेव्हा बिल्डिंगीतल्या सहाही घरांत एकेक देऊन गेला.
का परतला, कुणी विचारलं नाही.
बाटली मात्र सगळ्यांनी उजेडात धरून पाहिली.

आमची चार महिने फ्रीजच्या दारात उभी,
खोकल्याच्या औषधाला टेकून.

मग हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं
आणि जेलरोडवरच्या या दोन खोल्यांतलं
स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आलं.
म्हणजे तसं नाही आलं.
ती पलंगावरून चालवते, मी नुसता हात.
"मोहरी जळली." भिंतीपलीकडून.
"हिंग राहिला."
तीस वर्षं नोटांच्या छापखान्यात
शाईतला केसभर दोष पकडला मी,
उकळत्या आमटीतलं मला काही म्हणता काही दिसत नाही.

मंगळवारी गुळाचा डबा उघडला, तर मुंग्या.
वाण्याकडे पळावं तर आमटी गॅसवर,
आणि आतून येणारच: "गूळ घातलात?"
म्हणून बाटली.
अर्धा चमचा. मग आणखी अर्धा.
चिंचेच्या कोळात तो पाक असा शिरला,
जसा नवा जावई घरात शिरतो
चपला कुठे काढायच्या ते न कळून.

तिनं भात कालवला. दोन घास गप्प.
मी पळी घेऊन उभा.
"गूळ कुठला हा?"
"झाडाचा."
"झाडाला गूळ लागायला लागला का आता?"

मग सांगितलं, ओजसनं जिन्यात सांगितलेलं:
तिकडे थंडी सरताना, रात्री गोठतं नि दिवसा वितळतं
तेव्हा खोडाला भोक पाडून नळी ठोकतात.
थेंब थेंब बादलीत. दिसायला पाणी,
चवीलाही जवळजवळ पाणीच.
अशा चाळीस बादल्या आटवाव्यात, तेव्हा एक.
तो भट्टीत लाकडं टाकायच्या कामावर होता,
रात्रभर वाफेत, एकटा.
एवढं बोलून किल्ली शोधत राहिला खिशात.

"आटवायचं म्हणजे," ती म्हणाली,
"हलता येत नाही तिथून."

आणि मला एकदम ओटा दिसला.
दर कोजागिरीला तीन लिटर दूध
लिटरभरावर येईस्तोवर
ती या ओट्याशी उभी असायची,
याच गुडघ्यांवर.
मी गच्चीवरून ओरडायचो, "झालं का गं?"

डॉक्टर कुलथ्यांना फोन करून विचारलं,
झाडातलं आहे, चालेल ना जरा जास्त?
ते म्हणाले, रक्त काही पत्ता विचारत नाही,
उसातून आली काय, झाडातून आली काय.
तेव्हापासून मापून.
घारग्यांत फसला; पीठ सैल, कडा काळ्या.
पण निफाडची आंबट द्राक्षं आली होती कुणाकडून तरी,
ती ठेचून, हिरवी मिरची, मीठ, वर चमचाभर हा:
तिनं बोट चाटलं,
आणि चाटलं नाही असं दाखवलं.

काल बाटली संपली.
मी कचऱ्यात टाकणार तेवढ्यात
वॉकरची टकटक ओट्यापर्यंत आली,
सहा आठवड्यांत पहिल्यांदा.
तिनं बाटलीत गरम पाणी ओतलं, झाकण लावून खळखळलं,
अर्धं आमटीत टाकलं, अर्धं कपात.
एक घोट तिनं घेतला, एक मला दिला.
जेमतेम गोड. पाणीच म्हणा.
"झाडातून निघताना असंच असेल हे," ती म्हणाली.

मग कप माझ्याच हातात ठेवून, गॅस बारीक करत,
"वर हाक मारा त्या पोराला.
जेवला नसेल."