दोष : नाही

अर्जातला सातवा रकाना : वस्तूत दोष काय?
हिल्क्का ओयानिएमीने पेन्सिलीने लिहिलंय, नाही.
खाली, एक ओळ सोडून :
लोखंड शाबूत. दगड शाबूत. वीज येते, बिलही येतं.
फक्त तापत नाही.

रोवानिएमीच्या ग्राहक कार्यालयात
माझ्या टेबलावर पूर्वी यायचे
गळके बूट, कलती कपाटं,
एकदा एक फिरता गालिचा-झाडू, जो मांजराला घाबरायचा.
दोष नसलेली तक्रार ही पहिलीच.

सहा वर्षांपूर्वी, खुब्याच्या ऑपरेशननंतर,
तिने सौनाची ही भट्टी घेतली. पावती जोडली आहे.
घरापासून तळ्याकाठी पंचेचाळीस पावलं, बर्फातली,
दोनदा जाण्याऐवजी एकदाच जावं लागावं म्हणून.
अंथरुणातून फोनवर बोट टेकवायचं
आणि तिकडे अंधारात
कुणीतरी आपल्यासाठी चूल पेटवून ठेवल्यासारखं.

मग ऑक्टोबरात पत्र :
प्रिय ग्राहक,
तुमच्या उबेचा भाग होता आलं, याचा आम्हाला अभिमान वाटतो.
हे मॉडेल आता आम्ही बनवत नाही.
एकतीस तारखेपासून सेवा थांबेल.
नव्या मॉडेलवर वीस टक्के सूट.

सेवा.
तिने हा शब्द दोनदा अधोरेखित केलाय.
समासात : मी भट्टी विकत घेतली होती,
गडी ठेवला नव्हता.

मला हे समजून घ्यायला एक दुपार लागली.
तापण्याआधी दर वेळी भट्टी विचारते, तापू का?
दूर कुठल्या इमारतीत, जिथे यंत्रं तापू नयेत
म्हणून रात्रंदिवस गार वारा सोडतात,
तिथून हो यायचं.
आता काहीच येत नाही.
नकारसुद्धा नाही.
उंटावरून शेळ्या हाकणारे ऐकले होते.
हे उंट घेऊन निघून गेले, आणि दावं
हातातच राहिलं त्यांच्या.

शेजारचा रेइयो, निवृत्त वायरमन,
एका संध्याकाळी तीन तारा सोडवून
जुन्या ओव्हनचं घड्याळ बसवून गेला.
चाळीस मिनिटांत ऐंशी अंश.
पाठोपाठ विमा कंपनी :
फेरफार केलेल्या भट्टीने आग लागल्यास
जबाबदारी आपली.
म्हणजे जळालं तर ती मालकीण.
तापवायचं असेल, तर नाही.

मी फोन केला. तापतेय ना आता?
मग तक्रार मागे घ्यायची का?
बराच वेळ नुसता तिचा श्वास.
मग म्हणाली, त्यांनी तीन हजार विकल्या.
रेइयो एकच आहे.

आणि मग, मी न विचारता :
युद्धानंतर गाव राख झालेलं,
वडिलांनी घराआधी सौना बांधला.
आई त्यात बाळंत झाली, मी त्यात जन्मले.
घरोघरी मातीच्याच चुली असतात, साहेब,
पण माती तरी आपली असायची.

अकरावा रकाना : आपली मागणी.
इथे पेन्सिल नाही, शाई आहे.
दुकान बंद करा, माझं काही म्हणणं नाही.
जाताना किल्ली खिळ्याला अडकवून जा.

कागद हेलसिंकीला गेले, तंटा मंडळाकडे.
निकालाला नऊ महिने, कधी जास्त.
मी कलमं जोडली, जमतील तेवढी.
किल्ली हा शब्द त्यात कुठेच नव्हता,
पण तो मी खोडला नाही.

जूनमध्ये टपालाने एक लांबट पुडकं आलं.
बर्चच्या कोवळ्या डहाळ्यांची जुडी, सुतळीने बांधलेली.
आम्हाला भेटी घेता येत नाहीत.
नोंदवहीत लिहिलं :
जुडी, एक. किंमत, शून्य. परत पाठवावी.
दोष, या रकान्यात सवयीने काहीतरी लिहायला गेलो
आणि थांबलो.
शुक्रवार होता. टपाल बंद झालेलं.
सोमवारी उघडलं तेव्हा
अख्ख्या कार्यालयाला तळ्याकाठचा वास येत होता.