कायमचा पत्ता

एकोणीस नोव्हेंबरला पत्र आलं:
कोल्टनचे पैसे या महिन्यापासून बंद.
आदल्या दिवशी तो अठरा वर्षांचा झाला होता.
इर्यानं केलेला ब्लूबेरीचा केक, बुडाला जरा करपलेला,
अर्धा अजून फडताळात होता
आणि कागदोपत्री पोरगा आता कुणाचाच नव्हता.

थंडर बेला त्या दिवसांत
सरोवराच्या कडेकडेनं बर्फाची साय धरते.
धान्याच्या कोठारांमागे, एका तळघरातल्या खोलीत
आम्ही त्याला पोचवून आलो.
दोन पिशव्या, एक गादी, माझा जुना पाना.
परतताना इर्या म्हणाली, "राहू द्यायचं होतंस."
मी म्हटलं, "त्यालाच जायचंय."
खोटं नव्हतं ते.
आमच्याआधी आठ घरांनी त्याला सोडलं होतं;
त्यानं सोडलेलं हे पहिलं.

मग फोन सुरू झाले.
अंडं उकडायला किती मिनिटं?
चिकन आतून शिजलंय हे कसं कळतं?
लाल सदऱ्यानं सगळे मोजे गुलाबी केलेत, आता?
घरमालक फुटक्या काचेचे पैसे मागतोय,
ती आधीपासून फुटलेली होती, ताउनो,
तू बघितली होतीस ना?
बघितली होती.
मी तसं मालकाला जाऊन सांगितलंही,
जरा मोठ्या आवाजात.

जानेवारीत तीन आठवडे काहीच नाही.
इर्या फोन उचलून बघायची, चालू आहे ना.
मग एका रात्री दीड वाजता:
"किती ताप असला की घाबरायचं?"
"तुला किती आहे?"
"छे, असंच विचारतोय."
मी बूट चढवेपर्यंत
तिनं थर्मास भरला होता.

अंगाला हात लावला तर चटका बसला.
खोलीत एकच कप. तो त्यानं मला दिला,
स्वतः थर्मासच्या झाकणातून प्यायला,
फुंकर न घालता, लहानपणी कुणी शिकवलं नसावं तसा.
टेबलावर वेल्डिंगच्या कोर्सचा अर्ज.
सध्याचा पत्ता: भरलेला.
कायमचा पत्ता: पेन्सिलीनं काहीतरी लिहून
इतकं खोडलेलं की कागद विरला होता.
दिव्यासमोर धरला तेव्हा
आमच्या घराचा नंबर पुसट दिसला, एक्केचाळीस.
मी जसा होता तसा ठेवून दिला.
दुसऱ्याच्या कागदावर आपण लिहू नये.

पहाटे घाम फुटला, ताप उतरला.
मी खुर्चीतच डुलक्या घेत होतो.
"ताउनो," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला,
"तुमच्या आडनावात 'क' एक की दोन?"
"दोन," म्हटलं, "ताक्किनेन. दोन्ही लिही."
पेन्सिल कुरकुरली. मग थांबली.
"आधी 'द्वारा' लिहायचं ना?"

मी बाहेर गेलो, गाडीवरचा बर्फ काढायला.
काच कधीच साफ झाली होती.
तरी खरवडत राहिलो.