वाटेचा कागद

रुपेश चार वर्षं ऑस्ट्रियात भांडी घासून आला.
म्हणाला, काका, तिकडे सोबत कोणी येत नाही.
सायकल देतात, होडी देतात आणि एक कागद.
आठ-आठ दिवस माणूस एकटा जातो.
कागद चुकला तर माणूस चुकला.

मी पंक्चरवाला. या रस्त्यांचे काटे ओळखतो.
म्हणून कागद मी लिहायचा.

एक : दुकानापासून उजवीकडे, पाण्याच्या टाकीपर्यंत.
हे सोपं.
दोन : मोहाच्या झाडाशी पांदणीत वळा.
कोणत्या मोहाच्या?
जिथं फुलवंता पहाटे टोपलं घेऊन असते.
आणि फुलं संपल्यावर?
मी खोडलं. लिहिलं, सातशे मीटर.
सातशे मीटर मी कधी चाललो नाही,
बिडी संपेपर्यंत चाललो.

तीन : धुऱ्यावर सायकल हातात धरा.
धान लोंबीत असेल तर घंटी वाजवू नका.
(कारण माहीत नाही. बाप वाजवत नसे.)

चार : तलावाची पाळ. सायकल इथं ठेवा, डोंगा घ्या.
सिंगाड्याचे वेल डावीकडे ठेवा.
वल्हं कसं मारायचं ते मला लिहिता येईना.
उरकुडा वलथरेला विचारलं, आयुष्य पाण्यात गेलेला माणूस.
"डुबाले लागला का येते," म्हणाला.
मी लिहिलं, खोली कमरेएवढी.

पहिल्या आल्या अमरावतीच्या देऊळकर बाई,
बँकेतून निवृत्त, गुडघ्याला पट्टा.
सहाला निघाल्या. आठपासून फोन.
तुमची बाई आमच्या ओट्यावर चहा पिते.
तुमच्या बाईला पोरगा नाल्यापर्यंत सोडून आला.
तुमची बाई जेवूनच निघंल.
रुपेश कपाळाला हात लावून बसला.

दिवेलागणीला आल्या. पँट गुडघ्यापर्यंत ओली.
कागद परत दिला. त्याच्यावर पाच-सहा हातांची अक्षरं :
मोह मागच्या वर्षी पडला. आता कडुनिंब धरा.
नाल्यावर पूल नाही, धोंड्यांवरून जा.
आणि पेन्सिलीनं, ओळीबाहेर उतरत :
इथं कुत्रा आहे. नाव वाघ्या. चावत नाही.

रुपेश म्हणाला, हे नीट टाइप करून घेतो.
कुत्रा ठेव, मी म्हणालो.

बाई बाकावर पट्टा सोडत होत्या.
मनगट शेवटी जरा बाहेर, त्या म्हणाल्या,
आणि रिकाम्या हातांनी
हवेत एक वल्हं मारून दाखवलं.

बरोबर होतं.