आमेनच्या आधी

शरणपूरच्या संजीवन सभेला
जेलरोडहून सेलेस्टीनबाई आल्या,
जपमाळ पर्समध्ये, पर्स पदराखाली.
शेजारच्या खुर्चीत आमचे हनोखमामा,
चाळीस वर्षं कॅथलिकांच्या घरचा चहा न घेतलेले.

पाळकसाहेब आणि फादर
एकाच माईकशी झटत होते.
तो नुसता खरखरत होता.

प्रभूची प्रार्थना सुरू झाली.
बाई त्यांच्या नेहमीच्या जागी थांबल्या,
आमेन ओठांवरच धरून.
आम्ही ‘राज्य, सामर्थ्य’ म्हणत पुढे निघालो
आणि मामाच अडखळले.
खोकला आला, म्हणे.
लहानपणापासून पाठ असलेली ओळ!

आमेन मात्र दोघांचं
एकदमच पडलं.

मग थर्मासचं झाकण पुढे झालं.
मामांनी उगाच फुंकर मारली.
चहा केव्हाच गार झाला होता.