डावं-उजवं

मंगळवारी दुपारी ग्राशियाना इरिगारे दुकानात आली.
बुटांना मेंढ्यांच्या कोंडवाड्याची माती, टोपीवर बर्फाचा चुरा.
बाहेर बिगहॉर्नचे डोंगर कमरेपर्यंत ढगात.
म्हणाली, रिव्हॉल्वर दाखव. नवं.
वापरलेलं नको,
त्याला दुसऱ्याच्या सवयी लागलेल्या असतात.

मी काचेवर हिरवं कापड अंथरलं,
दोन काढली, उघडली, रिकामी असल्याचं दाखवलं
आणि शेजारी शेजारी ठेवली.
दोन्ही स्टेनलेसची, दोन्हींची नळी चार इंच,
गोळी तीच, घरं सहा-सहा.
मुन्शीनं एकाच नमुन्यावरून उतरवलेली
दोन अक्षरं असावीत तशी.

मग मी माझं बोलणं सुरू केलं,
एकतीस वर्षांत घासून गुळगुळीत झालेलं:
याचा चाप बघ, लोण्यातून सुरी गेल्यासारखा.
ते जरा आडदांड, चार औंस जड,
पण चाळीस डॉलरनं स्वस्त,
आणि खेचराच्या पाठीवरून खडकात पडलं
तरी खडकाची काळजी कर.

ती ऐकत होती की नाही कोण जाणे.
एक उचलायची, ठेवायची,
दुसरं उचलायची, भिंतीवरच्या हरणाच्या डोळ्यावर नेम धरायची,
पुन्हा पहिलं.
बाजारात टरबूज घेतानासुद्धा
माणसं इतका वेळ लावत नाहीत.

शेवटी मी म्हटलं, बाई,
यात डावं-उजवं करण्यासारखं काही नाही.

ती हसली. आल्यापासून पहिल्यांदाच.
माझ्या विनोदांवर कुणी हसत नाही,
आणि हा तर विनोदही नव्हता.

कशासाठी हवंय, मी विचारलं.
विचारावं लागतं. कायदा म्हणून नाही,
ती एकटी राहते म्हणून.
तिला ते कळलं. रागावली नाही.
म्हणाली, मे महिन्यात कळप वर न्यायचाय.
गेल्या वर्षी एका मेंढीचे पुढचे दोन्ही पाय मोडले,
घळीत पडलेली, आणि माझ्याकडे फक्त चाकू.
मग थांबली.
चाकूला वेळ लागतो, म्हणाली.

मी फॉर्म पुढे सरकवला.
तिनं पेन घेतलं डाव्या हातात.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.
तासभर ती उजव्या हातानं उचलत होती,
उजव्यानं नेम धरत होती, पाहुण्यासारखी,
आणि मी तिला चापाची महती सांगत होतो.

शाळेत, ती लिहिता लिहिता म्हणाली,
मिस ग्रिमशॉ हा हात खुर्चीला बांधायची,
निळ्या फितीनं. गाठ छान मारायची.
घरी मात्र बाप मला हाकच मारायचा एस्केरा.
आमच्या बास्कमध्ये एस्केरा म्हणजे डावी.
चारचौघांत गेलं की हा हात अजून खिशात जातो.

मी म्हटलं, काढ खिशातून.
आता दोन्ही पुन्हा उचल.

मग खरी निवड झाली, आणि मिनिटभरात झाली.
दोन्हींची कळ डाव्या बाजूला,
दोन्ही करणाऱ्यांच्या मनात उजवा अंगठा.
एकाची कळ पुढे ढकलायची;
तिचं बोट घसरलं, पुन्हा घसरलं.
दुसऱ्याची नुसती आत दाबायची.
तिनं तर्जनी मागे घेतली, टेकवली,
आणि चक्र बाहेर आलं
जसं ओळखीच्या माणसाला दार उघडावं.

आडदांड. चार औंस जड. चाळीस डॉलरनं स्वस्त.

फोनवरून होकार यायला वीस मिनिटं लागली.
तेवढ्यात तिनं माझी कॉफी प्यायली, नावं ठेवली,
गोळ्यांची एक पेटी घेतली. दुसरी नको म्हणाली.
एवढ्या मेंढ्या नाहीत माझ्याकडे.

सहाला मी शटर ओढलं.
लोण्यासारख्या चापाचं ते अजून कापडावर होतं.
उचललं, डाव्या हातात घेतलं,
एकतीस वर्षांत पहिल्यांदा.
कळ शोधली. बोट घसरलं.
आत, अंधारात, परत एकदा
शोधत राहिलो.